डाव्या बाजूची सुमन

ऐतिहासिक मालिका पाहणारी माणसं आमच्या भंडारा जिल्ह्यात घरोघर आहेत. पण राणीसाहेबांकडे ढुंकूनही न बघता दोन वर्षं निव्वळ त्यांच्या दासीकडे बघत बसलेली बाई एकच, आणि ती माझी मामी. पूर्वी हे मी चारचौघांत सांगत नसे. आता ज्याला त्याला धरून सांगतो. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगतो.

आमचं गाव साकोलीहून बसनं पाऊण तासावर, तलावाच्या पाळीला चिकटलेलं. आम्ही ढीवर. मामा तलावात जाळं टाकायचा आणि मामी ती मासोळी टोपलीत घेऊन साकोलीच्या बाजारात बसायची. तीस वर्षं बाजारात ओरडून तिचा आवाज असा तयार झालेला की ती घरात हळू बोलली तरी शेजारी ‘ओ’ द्यायचे. मला तिनंच वाढवलं, कारण माझी आई लवकर गेली आणि मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे मामा-मामीनं भाच्याच्या पाया पडायचं असतं. मामी हा रिवाज कडक पाळायची, पण पाया पडता पडताच शिव्याही द्यायची. “आंगोळीच्या वक्ती मोबाइल पाहते, आळशी कुठचा,” असं म्हणत तिनं माझ्या पायाला हात लावला, की आशीर्वाद द्यावा की माफी मागावी हे मला कळायचं नाही.

रोज संध्याकाळी साडेसातला ती मालिका लागायची. कुठल्याशा संस्थानाची राणी होती. कुठल्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. राणी झोपेतसुद्धा दागिने घालून असायची. सगळं गाव राणीसाठी रडायचं. मामी मात्र पहिल्याच दिवशी खाटेवर मांडी घालून बसली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “थे डाव्या बाजूची कोन हाय?” राणीच्या डाव्या हाताला, खांबाजवळ, तबक धरून एक काळीसावळी दासी उभी होती. तिला ना नाव, ना बोलणं. मामीनं तिचं नाव सुमन ठेवलं. त्या दिवसापासून मालिकेत काय झालं असं विचारलं की मामी सुमनचं सांगायची. राजेसाहेब लढाईवरून जखमी होऊन आले त्या दिवशी तिनं सांगितलं, “आज सुमनच्या पायात काही टोचलं वाटते, एका पायावर उभी होती बिचारी.” मधे एक आठवडा ती दासी दिसलीच नाही, तर मामीच्या घशाखाली घास उतरेना. “बिमार पडली का हाकललं तिले? कोनी इचारून राहिलं नाही, बाप्पा! घोडा मेला तं दोन दिवस रडले सारे.” आठव्या दिवशी सुमन परत खांबाजवळ आली तेव्हा मामीनं घरात शिरा केला.

तिची एकच आस होती, सुमननं एकदा तरी तोंड उघडावं. “आज बोलंल पाह्य,” असं ती रोज म्हणायची. सुमन कधीच बोलली नाही.

राजेसाहेबांनी दुसरं लग्न करायचं ठरवलं तेव्हा तर कमाल झाली. राणी खिडकीशी उभी राहून रडू लागली. ते रडणं सोमवारी सुरू झालं ते गुरुवारी संपलं, आणि तितके दिवस सुमन मागं तबक घेऊन उभी. गुरुवारी मामीनं आतून पितळी थाळी आणली, तिच्यात पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि मामाच्या हातात दिली. “धरा. जाहिरात येतवरी हालाचं नाही.” मामा गरीब माणूस, त्यानं धरली. पाच मिनिटांत त्याचे हात थरथरायला लागले, दहाव्या मिनिटाला तांब्या लुडकला आणि पाणी माझ्या ऑफिसच्या पँटवर. “आता समजलं?” मामी म्हणाली. “तिचा नवरा गेला दुसरीकडं, थे दुख मोठंच हाय. मी नाही म्हनत नाही. पन हिचे हात दुखून राहिले, थे दुख कोन दाखवंल?” मी शहाणपणा करत म्हणालो, “मामी, थे नाटक हाय. तबक रिकामं राहते, फायबरचं.” त्यावर ती माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागली की मी पँट बदलायला उठलो.

एकदा राणी वेश पालटून प्रजेचे हाल बघायला निघाली आणि नेमकी एका कोळणीला भेटली. मामीनं शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारून बोलावलं, आपली बाई आली म्हणून. कोळणीच्या कपाळावर बटा होत्या, लुगड्याला इस्त्री होती आणि टोपलीवर एक माशी नव्हती. “इच्या टोपलीत का मोगरा हाय का वो?” मामीनं विचारलं. बाया लोळून हसल्या. पुढं त्या कोळणीनं गरिबीचं रडगाणं गायलं आणि राणीनं गळ्यातला हार काढून तिच्या ओंजळीत टाकला. मागं सनई वाजली. बायांतल्या एकीनं डोळ्याला पदर लावला. मामी एकटी भडकली. “हार काहून देऊन राहिली? मासोळीचा भाव दे ना! इचारलं का तिनं, कितीले देते म्हनून? आनि हे बी येडी, पायावर पडून राहिली.” त्या दिवशी तिनं रागानं टीव्ही बंद केला आणि बायांनी तिच्या नावानं बोटं मोडली, कारण टीव्ही तिच्याकडेच मोठा होता.

मग तिनं चॅनेलवाल्यांना पत्र लिहवलं. लिहिणारा मी. ‘राणीस तलवार शिकवायला घरी गुरुजी आले, आम्हांस आनंद झाला. डाव्या बाजूच्या दासीस निदान एक वाक्य द्यावे. ती मुकी असल्यास तसे सांगावे.’ खाली तिनं आपली सही केली, प्रौढवर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर वेगळं पाडून. उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की ती विचारायची, आणि तो बिचारा सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचा.

मी हे सगळं ऑफिसात तिखटमीठ लावून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. तेव्हा मला वाटायचं, मामी टीव्हीशी भांडून राहिली.

त्याच पावसाळ्यात मामा गेला. ताप आला, तिसऱ्या दिवशी माणूस नाही. मामी रडली नाही. लोकांनी त्याचीही चर्चा केली.

आता आमच्या मच्छीमार सोसायटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. तलाव सोसायटीकडे. सभासद असेल त्याचा तलावावर हक्क, आणि सभेत बोलायचा अधिकार त्यालाच. सभासद सगळे बाप्ये. सभासद मेला की पुढच्या सभेत त्याची बायको त्याचा दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचं उपरणं, घेऊन येते आणि घरातल्या ज्या पुरुषाला जागा द्यायची त्याच्या खांद्यावर टाकते. मुलगा, दीर, पुतण्या, कोणी का असेना. टाळ्या होतात, बाई मागं चुलीकडे चहा करायला जाते. मी सोसायटीचा सचिव. साकोलीच्या शाळेत कारकून असल्यामुळे अक्षर बरं, म्हणून बसवलेला. पण सभासद नव्हतो. मामाच्या घरात पुरुष म्हणाल तर मी एकटा. तेव्हा दुपट्टा कोणाच्या खांद्यावर पडणार, यात गावाला शंका नव्हती. मलाही नव्हती. खोटं कशाला बोलू, मला ती जागा हवी होती. दहा वर्षं दुसऱ्यांची नावं लिहून लिहून माझं पेन झिजलं होतं.

सभेच्या आदल्या आठवड्यात मालिकेत राजेसाहेब वारले. राज्य आधीपासून राणीच चालवत होती. दरबार भरला आणि राणीनं भरल्या डोळ्यांनी राजाची पगडी उचलून आपल्या ऐदी दिराच्या डोक्यावर ठेवली. जयजयकार झाला, फुलं पडली. काय तो त्याग, काय ती मर्यादा, असं दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळे म्हणत होते. मीच विचारलं, “आज सुमन काय करत होती?” “थालीत पगडी घेऊन उभी होती,” ती म्हणाली आणि जेवायला वाढलं.

सभा समाजमंदिरात. मी नवा शर्ट घातलेला. अध्यक्षांचं भाषण लांबलं; दारात बाया चहाच्या थाळ्या धरून उभ्या होत्या, भाषण संपल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून. त्यांच्यात मामी. एका हातात थाळी, काखेत पिशवी, पिशवीत दुपट्टा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “या वहिनी. टाका दुपट्टा. घरचाच पोट्टा हाय, आम्हाले बी आनंद हाय.” मी कॉलर सारखी केली आणि, आता सांगायला लाज वाटते, उजवा खांदा थोडा पुढं केला.

मामी आत आली. थाळी तिनं अध्यक्षांच्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरवरच ठेवली. पिशवीतून दुपट्टा काढला, झटकला, आणि माझ्यासमोरून जाऊन स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग सतरंजीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसली.

अध्यक्षांना आधी वाटलं ती चुकली. “वहिनी, असं नसते. बाईमानूस का डोंगा वल्हवंल का?”

“तुमच्या जाळ्यातली मासोळी बाजारात आपल्या पायानं गेली का आजवर?” मामी म्हणाली. आवाज बाजारातला. “तीस वर्सं म्या नेली. भाव म्या केला. पावसात म्या बसली. तेव्हा नाही कोनी म्हनलं, बाईमानूस हाय म्हनून!”

“पन रिवाज हाय ना वो…”

“थो बी पाहून झाला टीवीवर. राज्य तिनं चालवाचं अन् पगडी दिराले! राजवाड्यात असंल तसं. आमची मासोळी सडून जाईल तशानं.” मग ती दाराकडे वळली. “अन् तुमी कायले उभ्या हा वो? हात दुखले नाही का अजून? ठेवा थाल्या खाली!”

दारातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं ठेवली, दुसरीनं ठेवली. कप वाजले. मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हळू म्हणाली, “माह्यं नाव लिव, बाबू.”

पेन माझ्या हातात होतं आणि अख्खी सभा माझ्याकडे बघत होती. सोसायटीचे नियम मला पाठ. त्यात कुठंही पुरुष असा शब्द नाही, हे मला दहा वर्षं ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. रजिस्टरवरची थाळी बाजूला केली. मागच्या सभांची पानं वाऱ्यानं उलटली. दरेक पानावर हजर बाप्यांची नावं, आणि शेवटी माझ्याच वळणदार अक्षरात, ‘चहापान होऊन सभा संपली.’ चहा काय आपोआप होत होता? दहा वर्षं दारात उभ्या असलेल्या बाया मी एकदाही लिहिल्या नव्हत्या. चॅनेलवाल्यांना पत्र लिहिणारा शहाणा मी!

मी उभा राहिलो, नियम मोठ्यानं वाचला आणि मामीचं नाव सभासदांत लिहिलं. मग हजेरीत दारातल्या बायांचीही लिहिली, पार्वता, देवकी, सकू, एकेकीला विचारून. अध्यक्ष कुरकुरले, पण चहा निवून चालला होता आणि आता तो वाढणारी कोणी उठत नव्हती. शेवटी त्यांनीच उठून कप उचलला.

एवढं करूनही मी दोन दिवस मामीशी नीट बोललो नाही. मनात सल होताच. तिसऱ्या दिवशी मी बसला निघालो तर ती रिवाजाप्रमाणे वाकली आणि पायाशीच थांबली. “तुह्यं मन दुखलं. मले माहीत होतं दुखंल म्हनून.”

“घरी सांगाचं होतं ना मामी. म्या नाही म्हनलं असतं का?”

“थेच तं. तू हो म्हनला असता. मंग मले तुही माया आली असती, अन् म्याच तुह्या खांद्यावर टाकला असता.” खांद्यावर दुपट्टा होता, तो तिनं नाकाशी नेला. “अजून वास येते त्यायचा,” म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून मामासाठी रडली, पहिल्यांदा, मोठ्यानं. माझी बस गेली. मीही रडलो, आणि सल कुठं गेला मला समजलं नाही.

तेव्हापासून सभा असली की मामी दुपट्टा टाकून जायची आणि टीव्ही मला पाहावा लागायचा. परतली की चप्पल काढायच्या आधी तिचा प्रश्न, “आज बोलली का सुमन?” मी म्हणायचो, “नाही मामी.” “बरं,” म्हणून ती हातपाय धुवायला जायची. असे महिने गेले. गेल्या महिन्यात मालिका संपली. शेवटचा भाग, आणि नेमकी त्याच दिवशी सोसायटीची सभा. मी एकटाच खाटेवर बसून पाहिला. राणी हसली, रडली, सगळ्यांना क्षमा केली. सुमन डाव्या बाजूला, तबक घेऊन. मग नावं आली, भराभर. त्यात ती कुठली, कळायला मार्ग नव्हता. तिनं एक शब्द काढला नाही. दोन वर्षांत एक नाही.

मामी आली. चप्पल पायातच. “बोलली?”

मला नाही म्हणवलं नाही. “बोलली,” म्हणालो.

“माय वो! काय म्हनली?”

“भरल्या दरबारात तबक खाली ठेवलं अन् म्हनली, माह्यं नाव लिव.”

मामी माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं कळतं. बाजारात बसलेली बाई ती. खांद्यावरचा दुपट्टा तिनं डोळ्यांना लावला.

“खोटं बोलते लेकाचा,” ती म्हणाली. मग आत जाता जाता थांबली. “पन बरं झालं बोलली थे.”