दादांच्या डोक्यातलं जाळं

दादांचा मेंदू दुरुस्त करायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा लातुरात पाणी नव्हतं आणि मला अक्कल नव्हती.

जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. घराला एकच घोर लागला: आत दादा उरलेत का? तेवढ्यात मी पुण्याच्या परिसंवादातून ज्ञान घेऊन आलो. मेंदू म्हणजे पेशींचं जाळं! संगणकात तसंच जाळं करायचं, उदाहरणं दाखवत राहायचं, चुकलं की सुधारायचं, ते शिकतं. माणसाचा विचारबिचार म्हणतात तोही एवढाच!

मग रोज सकाळी तांब्या दाखवून "दादा, पाणी", ताट दाखवून "दादा, भाकर". (तांब्या बहुतेक रिकामाच.) बऱ्याच दिवसांनी दादा बोलले, "पाणी!" आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ताटालाही पाणी, पंख्यालाही पाणी आणि मला बघूनसुद्धा पाणी!

"जाळं बिघडलं," मी दादांच्या उशाशीच बायकोला सांगितलं. "नुसता आवाज निघतो. अर्थ न्हाई त्यात."

"हळू बोला ओ! समजायलंय त्यांना सगळं."

"शोभा, हे शास्त्र हाय!"

त्याच दुपारी गल्लीतल्या बाया घागरी घेऊन आमच्या दारात टँकरची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या खिडकीपाशी बाजेवर पडलेले दादा एकदम ओरडले, "पाणी! पाणी!"

सगळ्या उठल्या. मी दारात आडवा!

"बसा, बसा! टँकर न्हाई आला. जाळ्याचा दोष हाय तो." आणि भर उन्हात मी त्यांना मेंदू समजावायला घेतला.

"सर, दादा खिडकीतून हात करायलेत की!" शेजारच्या कमलमावशी म्हणाल्या.

"मावशी, हात आपोआप हलतो त्यांचा!"

टँकर मागच्या गल्लीत उभा होता. माझं व्याख्यान संपलं तेव्हा तो रिकामा होऊन निघूनही गेला होता. बायांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. शोभानं माहेरचं नाव सांगून कुठून तरी तांब्याभर पाणी मागून आणलं.

मी सवयीनं तोच तांब्या पुढं धरला. "दादा, हे काय?"

दादांनी तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं केलं.

"लई... हुशार!"

यातला एकही शब्द मी शिकवला नव्हता.

"आता बोला," शोभा म्हणाली, "ह्यो पण जाळ्याचाच दोष का?"

दादा आत होते. पहिल्यापासून होते, आणि माझं शास्त्र मुकाट ऐकत पडले होते बिचारे. बापानं टोमणा मारला म्हणून आनंदानं ढसाढसा रडलेला त्या नव्या जिल्ह्यातला पहिला प्राध्यापक मीच असेन.