तीनच्या शोचं अकरावं रीळ

ज्या गल्लीत मी बावीस वर्षं रोज सायकल घेऊन गेलो, तीच गल्ली मला कुणीतरी पंचविशीतला मुलगा हिंडून दाखवणार, ही कल्पना माझ्या मुलीची. ती कल्याणला असते. तिला मोबाईलवर जाहिरात दिसली: भिवंडीची जुनी टॉकीज-गल्ली, दोन तासांची पायी सहल, फक्त आठ माणसं. मला न विचारता तिने दोन जागा घेऊन टाकल्या आणि मग फोन केला.

"बाबा, तुझीच गल्ली हाय. मजा येल तुला."

मला मजा कशात येते हे आजकाल तीच ठरवते.

मी ऑपरेटर होतो. त्या गल्लीत एका रांगेत तीन टॉकीज होत्या, त्यातल्या मधल्या टॉकीजच्या वरच्या केबिनमध्ये मी मशीन चालवायचो. रीळ चढवायचं, कार्बनच्या कांड्या जुळवून उजेड सांभाळायचा, एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरं मशीन सुरू करायचं. खारबावहून सायकलने यायचं आणि शेवटचा शो सोडून सायकलनेच परत जायचं. टॉकीज बंद पडली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे सुताचं गोडाऊन आहे. मी त्या बाजूला फारसा जात नाही, जायचं कारणही नाही.

रविवारी सकाळी नऊला आम्ही कोपऱ्यावर जमलो. आमचा मार्गदर्शक मुंबईचा. छोटी दाढी, कापडी टोपी, गालाशी माईक आणि कमरेला डब्याएवढा स्पीकर. ठाण्याचं एक जोडपं, कॅमेरे लटकवलेली तीन कॉलेजची पोरं, एक निवृत्त शिक्षिका आणि आम्ही दोघं. त्याने आधीच नियम सांगितले. सगळ्यांनी सोबत राहायचं, टेम्पोवाल्यांशी हुज्जत घालायची नाही, आणि प्रश्न सगळे शेवटी विचारायचे.

"बाबा," मुलगी माझ्या कानात म्हणाली, "वाद घालायचा न्हाय. कबूल?"

मी मान हलवली. मी जिभेवर ताबा ठेवू शकतो असं तिला अजून वाटतं, याचंच मला नवल वाटतं.

पहिल्या टॉकीजसमोर त्याने आम्हाला पायऱ्या दाखवल्या. प्रेक्षकांच्या गर्दीने झिजलेल्या म्हणे. त्या पायऱ्या एका ट्रकने रिव्हर्स घेताना फोडल्या होत्या, मी समोर उभा होतो. गप्प बसलो. मग त्याने भिंतीतली एक जाळीची खिडकी दाखवली आणि आवाज हळवा करून म्हणाला, याच खिडकीत हात घालून कष्टकऱ्यांनी स्वप्नांची तिकिटं घेतली. ती मुतारीची जाळी होती. ठाण्याच्या बाईंनी तिच्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. मी तरीही गप्प बसलो, फक्त मुलीकडे बघितलं, तर ती हसू दाबायला मोबाईलमध्ये तोंड घालून उभी.

त्याचं एकूण बोलणंच असं होतं. सगळं पाठ केलेलं, सगळं गोड, आणि दर चार वाक्यांनी कष्टकरी. मध्येच सुताची बाचकी भरलेला टेम्पो आला की आम्ही आठही जण गटाराच्या कडेला एका ओळीत उभे. टेम्पो गेला की पुन्हा पहिल्यापासून तेच वाक्य. उन्हाचा चटका बसायला लागला होता. दीड तास संपला तरी आम्ही मधल्या टॉकीजपर्यंत पोचलो नव्हतो, आणि मला तेवढंच बघायचं होतं. आत जायची मला हौस नव्हती. वर केबिनची रस्त्याकडची खिडकी अजून दिसते का, एवढंच.

शेवटी तिथे पोचलो, तर ती दिसेना. तिथे आता पत्रा ठोकलाय.

"आता एक गंमत ऐका," मार्गदर्शक म्हणाला आणि त्याने स्पीकरचा आवाज वाढवला. "या टॉकीजचा ऑपरेटर सगळ्या भिवंडीत प्रसिद्ध होता. लोक त्याला काय म्हणायचे माहितीये? रीळचोर! तीनच्या शोला हा माणूस पिक्चरचं एक अख्खं रीळ दाखवायचाच नाही. लूमवर काम करणारे बिचारे साधे लोक, त्यांना कळायचंही नाही. पूर्ण तिकीट घेऊन अर्धवट पिक्चर. थोडक्यात, फसवणूक."

सगळे हसले. कॉलेजच्या एका पोराने वहीत लिहून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रीळचोर हा शब्द मला नवा नव्हता. खालून शिट्ट्यांबरोबर तो वर यायचा, तसा तो प्रत्येक टॉकीजमध्ये प्रत्येक ऑपरेटरला यायचा. फिल्म तुटली तरी रीळचोर, लाईट गेली तरी रीळचोर. पण ती शिवी होती, आणि शिवी हवेत विरते. इथे हा मुलगा दर रविवारी आठ-आठ माणसांना माझ्याबद्दल हे सांगत होता, आणि ती माणसं लिहून नेत होती. मी चोर नव्हतो. तो शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हतो.

"थांबा," मी म्हणालो.

"काका, प्रश्न शेवटी घेऊ या हं."

"प्रश्न न्हाय. मना सांगायचं हाय. तो ऑपरेटर मी."

मुलीने कपाळाला हात लावला. मार्गदर्शक मात्र रागावेल म्हटलं तर उलट फुलून आला. "अरे वा! जिवंत इतिहास!" असं म्हणून त्याने मला हाताला धरून मधोमध उभं केलं. पोरांनी कॅमेरे वर केले. भांडायला आलेल्या माणसाचं असं कौतुक करू नये, त्याने राग दुप्पट होतो.

मी सांगितलं ते असं. तीनचा शो म्हणजे लूमवाल्यांचा, यंत्रमाग कामगारांचा शो. त्यांची पाळी संध्याकाळी सातला सुरू व्हायची. त्याआधी भिशीत जेवण उरकायचं, म्हणजे त्यांच्या खाणावळीत, आणि भिशीवाला साडेसहानंतर कुणासाठी थांबायचा नाही. त्यात भिवंडीची लाईट. शो सुरू व्हायच्या आधी अर्धा तास जायची, मध्ये पुन्हा वीस मिनिटं. पिक्चर संपायला साडेसहा होणार हे मला वर बसून चारलाच कळायचं. मग काय व्हायचं? ऐन शेवटच्या मारामारीला खाली खुर्च्या वाजायला लागायच्या. एकेक रांग उठायची. माणसं दारापर्यंत जायची, तिथे थांबून मागे वळून बघायची, आणि जायची. केबिनच्या पडद्याकडच्या भोकातून मला ती दिसायची. अडीच तास बसलेल्या माणसाला शेवट बघायला मिळू नये, हे मला सहन व्हायचं नाही.

म्हणून मी एक रीळ गाळायला लागलो. मालकाने सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. इंटरवलनंतरचं, बहुतेक वेळा अकरावं. तेही असंतसं नाही. पिक्चर आला की पहिल्याच दिवशी मी सगळी रिळं बघून ठरवायचो, कुठलं काढलं तर गोष्टीला धक्का लागत नाही. खून, पत्ता, चिठ्ठी, भावाभावांची भेट यातलं काही जाऊ द्यायचं नाही. रिकामं रीळ शोधायचं. दहावं संपलं की दुसऱ्या मशीनवर थेट बारावं. सव्वासहाला शेवट, आणि हॉलमध्ये एक खुर्ची वाजत नसे. बाकीच्या शोंना मी पिक्चर पूर्ण दाखवायचो.

"आता सांगा," मी म्हणालो, "ही चोरी झाली?"

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो, किती विचार केलात तुम्ही." मला जरा बरं वाटलं. पण तो मुलगा टोपी मागे सरकवून म्हणाला, "काका, भावना कळली. पण त्यांना विचारलं होतंत का? त्यांना सांगितलं होतं, की एक रीळ कमी आहे म्हणून?"

वर बसलेला माणूस खालच्या चारशे जणांना काय विचारणार? असलं बोलणं त्यालाच सुचतं ज्याने कधी मशीनवर ड्युटी केली नाही. मी इकडेतिकडे बघितलं. गोडाऊनच्या शटरपाशी स्टुलावर वॉचमन बसला होता. पांढरी दाढी, एक कान पुढे करून ऐकत होता. लूमवर वर्षं काढलेला माणूस मला लगेच ओळखू येतो, कानावरूनच. खटखटीत राहून त्यांचा एक कान नेहमी पुढे येतो.

"चाचा, लूमपे थे क्या?"

"पैंतीस साल," तो म्हणाला. "इधरीच, पीछे वाले कारखाने में."

"इस टॉकीज में तीन का शो देखते थे?"

"हर जुम्मे को. छुट्टी रहे न रहे."

मी त्या मुलाकडे बघितलं. आता घोडामैदान जवळच होतं. म्हणालो, "इन लोगों को बताओ. पिक्चर का आखिर देखने को मिलता था कि नहीं?"

"मिलता था. बराबर मिलता था. पूरा खतम करके, खाना खाके, टाइमपे लूमपे."

"झालं?" मी मार्गदर्शकाला म्हणालो. माझी मुलगीसुद्धा हसली. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. पण मला वॉचमनकडून पूर्ण साक्ष हवी होती, सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसमोर. म्हणून मी विचारलं, "तो फिर अच्छाच था ना, बीच का एक रीळ नहीं दिखाते थे तो?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काही कळतच नाही.

"क्या अच्छा था? आखिर का हमको क्या करने का, भाई? आखिर में तो हीरो जीतताच है, वो तो पोस्टर देखके पता चलता है. बारा घंटा खटखट-खटखट. हम लोग गाने के वास्ते आते थे. और इंटरवल के बाद जो सबसे अच्छा गाना रहता, वही उड़ा देता था साला."

पोरांचे कॅमेरे चालूच होते.

गोष्टीला धक्का न लागणारं रीळ. रिकामं रीळ. मी बोटांनी चाचपून, पेटीतून बाजूला काढून ठेवलेलं. प्रत्येक पिक्चरमध्ये मी गाण्याचंच काढलं होतं, कारण गाण्यात काही घडत नाही.

"नीचे से इतना चिल्लाते थे," तो पुढे म्हणाला. त्याला आता रंग चढला होता. "वो समझता लाईट के वास्ते चिल्ला रहे हैं. हम गाने के वास्ते चिल्लाते थे. ऊपर कौन बैठता था, सूरत तो कभी देखी नहीं उसकी."

मार्गदर्शक पुढे झाला. मुलगा वाईट नव्हता. हळू आवाजात, स्पीकर बंद करून मला म्हणाला, "काका, मी पुढच्या वेळेपासून तो शब्द नाही वापरणार. चालेल?" ज्यासाठी मी भर उन्हात भांडायला उभा राहिलो होतो ते मला मिळालं होतं, आणि ते घ्यायला माझा हात पुढे होईना. मी त्याला म्हणालो, "र्‍हाऊ दे."

मग मी वॉचमनला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्याच्यासमोर तसंच उभं राहणं जमेना. "चाचा, ऊपर मैं बैठता था."

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तो स्टुलावरून उठला, दोन पावलं जवळ आला आणि त्याने माझा चेहरा नीट बघून घेतला.

"आप थे?" तो म्हणाला. "तो आपको मालूम होगा. एक पिक्चर था. लड़की खिड़की में आती है, हरी चूड़ी पहनी है, नीचे बाजेवाले खड़े हैं. वो मुँह खोलती है, बाजा शुरू होता है, और सीधा पुलिस थाना. चार जुम्मे आया मैं उसके लिए. सोचा, आज दिखाएगा, आज दिखाएगा. आगे क्या था उसमें?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खिडकी आठवली, दहाव्या रिळाचं टोक आठवलं, कारण तिथेच मला मशीन बदलावं लागायचं. त्याच्या पुढचं काही आठवेना. रात्रीच्या शोला ते रीळ मी चालवलं असणार, निदान महिनाभर तरी, रोज. पहिल्या दिवशी बघितलं तेही त्यात काही घडत नाही एवढ्यापुरतंच, आणि एरवी ऑपरेटर पिक्चर बघत नाही. तो कार्बनची कांडी बघतो, उजेड पिवळा पडतोय का ते बघतो, आणि गाणं लागलं की त्याला चहा प्यायला वेळ मिळतो.

"बाबा, चल, सगळे पुढे गेले," मुलगी म्हणाली.

"याद नहीं," मी त्याला म्हणालो.

"ऐसे कैसे याद नहीं?" तो म्हणाला. "आपने तो देखा होगा ना."

तो थांबला होता, पुढे काय होतं ते ऐकायला. सकाळपासून मी त्या मुलावर, टेम्पोवर, उन्हावर चिडत आलो होतो. आता चिडायला समोर कुणीच उरलं नव्हतं, आणि मला घरी जायचं होतं.