बारावं नाव

त्सुनामी आली ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. अर्नाळ्याची लुईझा मासळी विकायची. काटा नको न माप नको, तिनं हातानं वाटे केले की कोन नाव ठेवनार नाय, अशी बाई. नवरा सेबेस्टियन बोटीवरून एड्स घेऊन आला, दोन वर्सांत गेला न जाताना हिला देऊन गेला. पोटी मूल नाय. दिराची डायना मातर हिनंच वाढवली. अंगावरचं दूध सोडून सगळं दिलं बघ तिला.

वसईच्या दवाखान्यात बाकावर तिला जिजा भेटली, पलीकडच्या आळीतली. दोघींचा पदर तोंडावर, दोघी घरी "छातीचा फोटो काढायला चालले" सांगून आलेल्या.

"तू पन?"

"नाय, मी जत्रेला आले," लुईझा बोलली. हसल्या दोघी, मग रडल्या.

एड्सच्या गोळ्या बाहेर घ्यायच्या तर होडी विकून वर्सभर पुरायच्या नाय. इथं फुकट, पन बारा जनांनाच. अकरा नावं भरलेली. दोघींच्या रक्तातली ताकद सारखीच उतरलेली. आत डॉक्टर, नावं लिवनारी एक मॅडम न गोळ्यांचे पैसे भरनारा एक टायवाला साहेब बसलेले.

"स्वतःची मुलं किती?" मॅडमनी विचारलं.

"तीन," जिजा बोलली.

"माझी डायना हाय," लुईझा बोलली.

"ती दिराची ना? तशी धरता येत नाही."

लुईझा उभीच ऱ्हायली. "डॉक्टर, आमच्याकडं मासळीचे वाटे पडले की एक जन पाठ करतो. दुसरा वाट्यावर हात ठेवून विचारतो, हा कोनाचा? तो बोलंल त्याचा. भांडन नाय. तुमी पन पाठ करा, न घ्या एक नाव."

"बाई, हे औषध आहे, मासळी नाही," टायवाला मधीच बोलला.

"मासळीच्या टायमाला तरी आमी कोनाची पोरं मोजत नाय! तसं हरले असते तर गप घरी गेले असते. तुमी मला मापून बाजूला ठेवली."

बारावं नाव जिजाचं लागलं. पन गोळ्यांना जवळचं मानूस सोबत लागायचं, अंगठा द्यायला, रोज खाते का बघायला. जिजानं घरात सांगितलंच नव्हतं. सासूला कळलं असतं तर ओट्यावर पन बसू दिली नसती. आली लुईझाच्या दारात, न बोलंना.

"बोल ना गो! कोळीन असून तोंड शिवलंस?"

"माझ्या सोबतीला येशील?"

लुईझा किती तरी वेळ कोलंबी सोलत बसली. मग बोलली, "येते. पन त्या टायवाल्याचं थोबाड मी बघनार नाय."

महिन्याच्या महिन्याला गेली. जिजाच्या गालावर मांस चढलं, हिचं लुगडं सैल होत गेलं. सातव्या खेपेला जिजा एकटीच गेली.

"सोबतीण कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"परवा मातीत ठेवली."

मॅडमनी कागदावरचं सोबतिणीचं नाव खोडलं. मग बोलल्या, "वाईट झालं हो. पण पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी आणा, नाहीतर गोळ्या देता येणार नाहीत."