घरच्यासारखा

परवा मंडळाच्या कार्यक्रमात आमच्या सोसायटीतल्या थोरल्या वहिनी माइकवरून म्हणाल्या, हिच्या गोड्या मसाल्याच्या पहिल्या गिऱ्हाईक आम्हीच. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरच ठेवले.

ही एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट, देशाचा बाजार नुकता खुला होत होता. दिल्लीत आमच्या मयूर विहारात मराठी कुटुंबं बरीच, बहुतेकांचे यजमान सरकारी नोकरीत. मी कस्तुरबा गांधी मार्गावर एका खासगी ऑफिसात टायपिंग करायची. ती नोकरी सोडून मसाला करून विकायचं माझ्या मनात होतं. नोएडातल्या एका शेडच्या मालकाशी भांडून भाडंही उतरवून ठेवलं होतं. पण गिऱ्हाईक आहे की नाही ते बघितल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, इतपत अक्कल मला होती. म्हणून हळदीकुंकवाला, भिशीला, जिन्यात भेटेल तिला मसाल्याची पुडी दिली आणि विचारलं, विकायला काढला तर घ्याल का?

सगळीकडून एकच उत्तर आलं: अगं, अगदी घरच्यासारखा आहे. वहिनींनी तर त्याची आमटी करून वाटीभर वर पाठवली. भाव मात्र एकीनेही विचारला नाही. भाजीवाल्याकडे भाव न विचारता नुसती भाजी चिवडणारी बाई मी लांबून ओळखते. पण ही आपली माणसं, आपल्या भाषेत बोलणारी.

भाव विचारला तो फक्त खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटीने. मिरच्या भाजल्याचा खकाणा घरात आला म्हणून ती खोकत भांडायलाच आली होती. भांडता भांडता बोट बुडवून तिने मसाला चाटला. कितने का? सांगितलं. "इतने का? लूट मची है क्या?" गोभीत पडेल का, आलूत पडेल का, आधा पाव मिळेल का, तिने छळ मांडला. हे तुमच्यासाठी नाही, असं सांगून मी तिला वाटेला लावलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

शेड सुरू झाली. पाकिटं घेऊन मी त्याच दारांवर गेले. आत्ता आहे गं, पुढच्या वेळी बघू. चौथ्या दारी वहिनी होत्या. माझा आवाज चढला होता. म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, घरच्यासारखा?"

"हो, मग!" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "घरचा येतोच की सासूबाईंकडून. विकत कशाला घेऊ?"

मी जिना उतरले आणि तशीच रागात आंटीचं दार वाजवलं. तिने पुन्हा भाव पाडला, मी पुन्हा चढवला. दोघींचे आवाज गेटपर्यंत गेले असतील. शेवटी तिने स्वतःसाठी एक आणि बहिणीसाठी एक, अशी दोन पाकिटं घेतली. माझा धंदा त्या उंबऱ्यावर सुरू झाला, आणि चालला तो आलू-गोभीवर.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी जवळ आल्या. आता सासूबाई नाहीत, सुना काही पाठवत नाहीत. माझ्या स्टॉलवरचं पाकीट हातात घेऊन, भाव न विचारता, त्या म्हणाल्या, "तुझा मसाला म्हणजे अगदी घरच्यासारखा हो."

मी पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"विकतचा आहे, वहिनी," म्हटलं. "भाव विचारा."