व्हर्ना कधी वाईट बोलली नाही

व्हर्ना बिट्सिलीच्या घरात उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असा प्रकार नव्हता. बोलायचं तर चांगलं बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. शब्द तोंडातून सुटला की तो आपलं काम करूनच थांबतो, अशी अमेरिकेतल्या नाव्हाहो जमातीच्या म्हाताऱ्यांची समजूत, आणि व्हर्नाची आई त्या समजुतीला सगळ्यात पक्की. मेंढी आजारी पडली तर 'आज ती बसून आहे' म्हणायचं. घरातलं कुणी गेलं तर त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. आपण मराठी माणसं लाडानंसुद्धा 'मेल्या' म्हणतो. त्या घरात हा शब्द कुणी काढला असता तर म्हातारीने त्याला भरल्या ताटावरून उठवलं असतं. व्हर्नाला आपल्या आतेभावाचा फारच राग आला तर ती त्याला 'बोकडा' म्हणायची. त्यापुढे तिची मजल कधी गेली नाही.

आईची शिकवण हे झालं एक कारण. दुसरं कारण व्हर्नाचं स्वतःचं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नसे.

घरामागे तांबड्या कातळाचं पठार आहे. त्या पठाराला एक चिंचोळी घळ चिरत गेली आहे. वरून पाहिलं तर जमिनीला भेग पडल्यासारखी दिसते. आत उतरलं की दोन्ही बाजूंचा तांबडा दगड वळणं घेत घेत वर जातो, आणि दुपारी वरच्या फटीतून ऊन सरळ तळाच्या वाळूवर उतरतं. मेंढ्यांची पिल्लं सावलीला तिथे जाऊन अडकायची म्हणून तिचं नाव कोकरांची घळ. व्हर्ना लहान असताना तिचा मामा एक कोकरू शोधायला निघाला, तेव्हा ही अंगणात दोरीवर उड्या मारता मारता म्हणाली, "कोकरू जाईल पाण्यात, मामा जाईल त्याच्यामागे!" पोरीने आपलं गाणं केलं होतं. दूर डोंगरावर पाऊस झाला होता, घळीच्या वर आभाळ स्वच्छ होतं, आणि घळीत पाणी आलं. मामा परत आला नाही. आईने व्हर्नाला एका शब्दाने विचारलं नाही. मला विचाराल तर तिथेच चुकलं. एक थोबाडीत मारली असती तर पोर रडली असती आणि मोकळी झाली असती. न विचारल्यामुळे ते गाणं तिच्या पोटात तसंच राहिलं.

पुढे व्हर्ना शहरात गेली, दवाखान्यात चादरी धुण्याचं काम केलं, एक नवरा केला, तो टिकला नाही, आणि पन्नाशीला आईजवळ परत आली. तोवर जगाला तांबड्या घळींचं वेड लागलं होतं. कुठून कुठून माणसं पाठीवर पिशव्या अडकवून चालायला आणि फोटो काढायला यायची. आतेभाऊ हॅरोल्डने जुनी जीप घेतली, घळीत लोखंडी शिड्या ठोकल्या आणि पाट्यांवर 'कुजबुजती घळ' असं नाव रंगवलं.

"कोण कुजबुजतं रे तिथे?" व्हर्नाने विचारलं.

"तूच. तुझा आवाज कुठे धड ऐकू येतो? उद्यापासून पाहुण्यांना तू न्यायचं."

तिने नेलं, आणि चांगलं नेलं. कुठे वाकायचं, कुठे पाय आधी आणि अंग मागून काढायचं, ऊन कोणत्या भिंतीवर कधी पेटतं, हे तिच्यासारखं कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना ती आवडायची. कमी बोलायची, हसतमुख होती. घळीच्या तोंडाशी ती दरवेळी मक्याच्या पिठाची चिमूट सोडायची आणि मगच आत पाऊल टाकायची. मामा जिथे गेला त्या वळणावर ती कधी थांबत नसे.

विमावाल्यांची एकच अट होती. आत शिरण्याआधी पाहुण्यांना स्पष्ट सांगायचं: या घळीत अचानक पूर येतो, वर ऊन असलं तरी येतो, इथे माणसं मेली आहेत, वाटाड्याने सांगताच सगळं टाकून शिडीवर चढा. आता हे म्हणायचं कुणी? हॅरोल्डने आधी व्हर्नाकडे बघितलं, मग आपल्या बायकोकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. शेवटी त्याने यावर तोडगा काढला. शहरातल्या एका गोऱ्या दुकानदाराकडून ती वाक्यं टेपवर बोलून घेतली. जीप घळीच्या तोंडाशी थांबली की हॅरोल्ड बटण दाबायचा, दुकानदार मरणाबिरणाचं सगळं सांगून टाकायचा, आणि तेवढा वेळ घरचे सगळे जीपपासून लांब जाऊन उभे राहायचे. मला याचं तेव्हा हसू यायचं. पण व्यवस्था चोख होती. घरच्यांची जीभ विटाळत नव्हती आणि पाहुण्यांना कळायचं ते कळत होतं.

पावसाळ्याच्या ऐन दिवसांत एका सकाळी टेप वाजेना. वाळू आत जाऊन बसली होती. हॅरोल्डने ती आपटून पाहिली, फुंकून पाहिली.

"आज तूच सांग," तो व्हर्नाला म्हणाला.

"काय सांगू?"

"तेच. तो दुकानदार सांगतो ते."

"तू सांग ना."

"मला जीप परत न्यायची आहे," हॅरोल्ड म्हणाला. जीप काही उडून चालली नव्हती. पण व्हर्नाने फार ताणलं नाही. "सांगेन," म्हणाली.

म्हातारी दारात मका सोलत बसली होती. तिने लांबच्या डोंगराकडे हनुवटी केली. "डोंगराने आज टोपी घातलीय," ती म्हणाली.

ही त्या घरातली बोली. डोंगरावर ढग आहे, पाऊस पडतोय, पाणी खाली येऊ शकतं, सांभाळा, एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं आणि ते व्हर्नाला आणि हॅरोल्डला पुरतं कळलं. "टोपी रोजच घालतो, मामी," हॅरोल्ड म्हणाला. "दुपारपर्यंत काढून ठेवतो." व्हर्नाने ठरवलं, आज लांबचा फेरा नको. पहिल्या शिडीपर्यंत जायचं, उन्हाचा झोत दाखवायचा आणि परत फिरायचं.

त्या दिवशी पाहुणे दोघंच होते, उत्तरेकडच्या थंड मुलुखातले नवराबायको, लॉइड आणि मार्जोरी. लॉइडने जन्मभर शाळेची बस चालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर त्याला फोटोंचं वेड लागलं होतं. उंच, पोट सुटलेला, बोलघेवडा. ट्रायपॉडची घोडी त्याने तान्ह्या पोरासारखी काखेत धरली होती. मार्जोरी त्याच्या मागून पाण्याच्या बाटल्या वाहत होती आणि तोंडाने त्याला टोमणे मारत होती. "मला इतकं सांभाळून कधी धरलं नाहीस, लॉइड."

"तू कुठे घडी होतेस?" तो म्हणाला, आणि व्हर्नालाही हसू आलं.

घळीच्या तोंडाशी तिने पीठ सोडलं. आता बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. "डोंगराने आज टोपी घातली आहे," ती म्हणाली.

दोघांनी डोंगराकडे पाहिलं. "वा! काय छान म्हणतात हे लोक!" लॉइड म्हणाला आणि त्याने टोपीसकट डोंगराचा फोटो काढला.

मार्जोरी जरा सावध बाई होती. तिने विचारलं, "आत भीतीसारखं काही नाही ना? कधी काही झालंय इथे?"

व्हर्नाच्या डोळ्यांसमोर मामाचे बूट आले. मामाचे फक्त बूटच सापडले होते. ती म्हणाली, "आज दिवस सुंदर आहे. मी 'या' म्हटलं की लगेच यायचं. शिडीवर चढायचं."

"हो, हो," लॉइड म्हणाला. जन्मभर तोही पोरांना असंच सांगत आला होता. या म्हटलं की यायचं. आणि पोरं येत नसत.

आतला झोत त्या दिवशी फार सुंदर पडला होता. लॉइड गुडघ्यावर बसला, घोडी लावली, वाळूची मूठ हवेत उधळली म्हणजे उजेड दिसतो हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, तसं करून पाहिलं. मार्जोरी दगडाला हात लावत शिडीपर्यंत गेली. तेवढ्यात व्हर्नाच्या मानेला गार वारा लागला. घळीच्या आतून वारा येत नाही. आला की त्याच्यामागे काय असतं ते तिला माहीत होतं. पाठोपाठ ओल्या मातीचा वास आला.

"या," ती म्हणाली. "चढा."

मार्जोरी चढायला लागली. लॉइडने मान वर केली नाही. "एक मिनिट. आत्ताच नेमकं जमलंय."

"या."

"का? पुढची टोळी आली का?"

त्याने सरळ विचारलं होतं. उत्तरही सरळ होतं. पाणी येतंय, मरशील. हे तिच्या तोंडात होतं, आणि तोंडातच राहिलं. मी पुष्कळ लोकांना म्हणताना ऐकलं आहे की बाई घाबरली, तिची पाचावर धारण बसली. ते खोटं आहे. घाबरली असती तर किंचाळली असती. ती दोन पावलं मागे त्याच्याकडे धावली, त्याची बाही धरून ओढली आणि पुन्हा म्हणाली, "या!" लॉइड वैतागला. त्याने बाही सोडवून घेतली आणि घोडीचे पाय मिटायला घेतले. एक पाय वाळूत रुतला होता.

मग आवाज आला. आता सांगायची गरज उरली नव्हती. व्हर्ना शिडीला लागली, मागे हात केला, आणि लॉइडने तो हात धरण्याऐवजी आधी घोडी वर दिली.

तो खाली ओढ्याच्या मुखाशी सापडला, दुसऱ्या दिवशी. व्हर्नाच्या घरच्यांनी त्याला हात लावला नाही. गेलेल्याला शिवायचं नाही ही त्यांची रीत, पण कुणाला तो निष्ठुरपणा वाटला. घळीला कुलूप लागलं. चौकशीला आलेल्यांना हॅरोल्ड सांगणार होता की टेप वाजली होती. व्हर्ना म्हणाली, "नव्हती वाजली. मी सांगणार होते, मी सांगितलं नाही." एवढं ती बोलली आणि त्यानंतर महिना दीड महिना तिने मेंढ्यांशिवाय कुणाशी शब्द काढला नाही. घरच्यांनी तिच्यासाठी जाणत्याला बोलावून विधी केले. ती बसली, उठली, अंगावर पाणी घेतलं. फरक पडला नाही.

"अगं, माझी तरी जीभ कुठे वळली असती?" हॅरोल्ड एकदा तिला म्हणाला. ते खरं होतं, आणि तरीही ती रात्रंदिवस जळत होती.

झाडं पिवळी पडली तेव्हा मार्जोरी आली. भाड्याची गाडी वाड्याशी, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणाशी उभी केली आणि खाली उतरली. ती बरीच वाळली होती. म्हातारीने तिला कॉफी दिली, मटणाचा रस्सा आणि तळलेली जाड भाकरी पुढे ठेवली. मार्जोरीने भाकरीचा एक तुकडा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मी वर चढले होते. मला काही दिसलं नाही," ती व्हर्नाला म्हणाली. "मुलगा म्हणतो, त्यांना कळलंसुद्धा नसेल. पाद्री म्हणतो, झोप लागल्यासारखं झालं असेल. सगळे माझ्याशी गोड बोलतात. बघितलं फक्त तुम्ही. मला खरं सांगा. मला रात्री झोप येत नाही."

म्हातारीला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण बाई काय मागते आहे ते तिला कळलं. "व्हर्ना, आत चल," ती आपल्या भाषेत म्हणाली. "वारा सुटलाय."

वारा कुठेही नव्हता.

व्हर्ना जागची हलली नाही. "लॉइड," तिने सुरुवात केली. गेलेल्या माणसाचं नाव तिने जन्मात पहिल्यांदा घेतलं. म्हातारीने मक्याची टोपली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

व्हर्नाने सगळं सांगितलं. पाणी आधी पायाला आलं, काळं, काटक्यांनी भरलेलं. मग कमरेला. त्याने घोडी वर दिली आणि मग तिचा हात धरला. हात घट्ट होता, पण एक झाडाचं खोड आलं आणि त्याच्या छातीवर बसलं. त्याला कळलं होतं. तो मार्जोरीचं नाव घेऊन ओरडला. तोंडात पाणी गेलं. तो भिंतीवर आपटला, एकदा वर आला, तिच्याकडे बघितलं, आणि बुडाला. तो झोपल्यासारखा मेला नाही. धडपडून मेला. व्हर्नाने एकही शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही.

मार्जोरी ऐकून घेईपर्यंत रडली नाही. मग पुष्कळ रडली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि व्हर्नाकडे नीट बघितलं.

"तुम्हाला तर इतकं स्पष्ट बोलता येतं," ती म्हणाली. "मग त्या दिवशी का नाही बोललात? एकदा 'मरशील' म्हणाला असतात तर तो आला असता. तो हट्टी होता, वेडा नव्हता."

"मला वाटलं," व्हर्ना म्हणाली, "बोलले तर तो मरेल."