वालधुनीच्या उतारावर सोडलेली

कल्याणात गाठीचा ताप शिरला त्या वर्षी मुंबईचे आमचे कॉलेज बंद झाले आणि मी घरी निघालो. घरी पोचलो असे मात्र म्हणता येणार नाही. आमचे गाव वालधुनी नदीच्या पलीकडे. नदी जिथे गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता येते त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. उतार ओलांडून मी काठावर चढलो, तर गावकीची माणसे काठ्या घेऊन उभी होती. मुंबईहून किंवा कल्याणाहून आलेल्याला गावात घ्यायचे नाही, असा निर्णय आदल्या दिवशीच झाला होता.

"पोरा, राग मानू नको," पाटील म्हणाले. "बाच्या शेतात खोपी हाय, तिथं ऱ्हा. अंगात ताप नाय आला तर अमावास्येनंतर घरात ये."

मला राग आला नाही. त्यांचे बरोबरच होते असे मला आजही वाटते. खोपी म्हणजे भाताच्या राखणीसाठी घातलेले गवताचे छप्पर. आमची खोपी उताराच्या अगदी वर होती. आई भाकरी बांधावर ठेवून मागे सरायची, मग मी पुढे होऊन ती उचलायचो. दोघांच्या मध्ये भाताचे एक खाचर असायचे. तेवढ्यावरून ती ओरडून विचारायची, "ताप हाय?" मी ओरडून सांगायचो, "नाय!"

त्या दिवसांत कल्याणातली माणसे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत होती. मागे घरांची कौले उतरवून आत चुना मारला जात होता. झोपडीत माणसांनाच जागा पुरेना, तिथे कुत्र्यामांजरांना कोण नेणार? कुत्र्यांना लोक दारातच सोडून गेले. मांजरांचे तसे नव्हते. मांजर हातून मेले तर मोठे पाप लागते, आणि नुसते हाकलले तर ते परत येते. म्हणून आमच्याकडे नको असलेले मांजर पोत्यात घालून पाण्यापलीकडे नेऊन सोडतात. पाणी ओलांडले की त्याला घरची वाट सापडत नाही, असे समजतात. सोडणाऱ्याने वळून बघायचे नाही. बघितले तर ते पाठीस लागते.

कल्याणकरांना सोयीचे पाणी म्हणजे आमचा उतार. माणसे पोते घेऊन यायची, तोंड सोडायची आणि मान ताठ ठेवून परत पाण्यात उतरायची. कोणीच वळून बघत नसल्यामुळे वर खोपीत मी बसलेला आहे, हेही बहुतेकांना कळले नाही.

एकदा एक बाई आल्या. नेसण्याबोलण्यावरून चांगल्या घरच्या दिसत होत्या. त्यांनी पोते उघडले, आतून एक पांढरी मांजर बाहेर आली आणि त्यांच्याच पायाला अंग घासू लागली. बाई तोंड फिरवून चालू लागल्या. मला राहवले नाही.

"बाई, ही कोणाची?"

त्या दचकल्या, पण वळल्या नाहीत. "आता कोणाचीच नाही." मग पाण्याच्या मध्यावर थांबून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तिला ताक चालत नाही हो. दूधच लागतं."

मी स्वतः भाकरी आणि सुक्या बोंबलावर होतो. त्या दिवशी आईला ओरडून दूध मागितले तेव्हा तिला वाटले, मला तापच आला.

मग कुत्रीही आली. माणसांचा माग काढत ती उतारापर्यंत यायची आणि पुढे वास संपला की काठावर बसून राहायची. एकाच्या गळ्यात कवड्यांचा पट्टा होता. कोणीतरी हौसेने ओवलेला. तो पट्टा बघून मला जे वाटले ते नीट सांगता येत नाही. मला फक्त इतके कळले की मी अमावास्येनंतर घरी जाणार आहे आणि या कुत्र्याला जायला घर नाही. दोघेही त्याच रोगाच्या गावाकडून आलेले. मी अर्धी भाकरी त्याच्यापुढे टाकली. दुसऱ्या दिवसापासून भाकरी कमी पडू लागली, आणि बा दुसऱ्या बांधावरून ओरडला, "एकटा एवढं खातंस काय रं? कॉलेजात उपाशी ठेवतात?"

मी खोपीमागे दडलेली सगळी मंडळी दाखवली. बाने ती एकेक करून मोजली. मग म्हणाला, "उद्यापासून आये जास्त थापंल."

माझी मुदत सरली. मी बरा होतो, आणि ती जनावरेही बरी होती. मी घरी निघालो तशी ती मागोमाग निघाली. गावाच्या वेशीवर पुन्हा काठ्या उभ्या राहिल्या. मी सगळ्यांना घेऊन खोपीत परतलो. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे गावकी बसली आणि आम्हा बापलेकांना बोलावणे आले. मला लांब, पिंपळाच्या पाराशी उभे केले.

"मेलेले उंदीर खाल्लेली मांजरं ती," एकजण म्हणाला. "कल्याणात आधी उंदीर पडले, मग माणसं."

भीती खोटी नव्हती. रोग कशाने पसरतो याची मलाही खात्री नव्हती, आणि आमच्या कॉलेजातल्या शिकलेल्या मंडळींनाही नव्हती. म्हणून मी आवाज शक्य तितका स्थिर ठेवून म्हणालो, "ती गावात नकोत, कबूल. शेतातच राहतील. मी त्यांच्याबरोबर राहीन. कोणालाही ताप आला तर पहिला मला येईल."

"तू कशाला? तू माणूस हायेस!"

"मीही मुंबईहून आलो. मला मुदत दिलीत. त्यांनाही तेवढीच दिली तर काय बिघडतं? तीही काढलीच त्यांनी."

मागून कोणीतरी हसले. "इंग्रजी शिकून कुत्र्याचा वकील झाला!" आणि सगळी गावकी हसली. माझे कान तापले.

पाटील मनाने वाईट नव्हते. त्यांनी वाट काढली. "असं कर," ते बाला म्हणाले, "कुत्र्यांच्या कपाळाला भंडारा लाव. खंडोबाला सोडली म्हण. देवाच्या कुत्र्याला कोण हात लावतंय? मांजरांना तर कोणी मारीतच नाय. आमी गप बसू."

मला सुटल्यासारखे वाटले. हळदीची चिमूट लावायची, एवढेच. मी बाच्याकडे बघितले. तो खाली बघत होता.

"नाय," तो म्हणाला.

"का रं बाबा?"

"भंडारा लावला की ती देवाची. मग मी कोण? आणि उद्या बिनभंडाऱ्याचं एखादं आलं, तर ते हाणायचं? माझ्या शेतात हाय ते माझं. देवाच्या आड लपून मी नाय ठेवायचा."

हसणे थांबले. खंडोबाचे नाव नाकारले म्हणून काहीजण उठूनच उभे राहिले. मग निकाल झाला: ही जनावरे शिवेत आहेत तोवर आमच्याशी सावड बंद.

आमच्याकडे भाताची आवणी सावडीवर होते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात रोपे लावायची, उद्या मी सगळ्यांच्या शेतात जायचे. रोप उपटले की ते थांबत नाही, आणि एका घराच्या हातांनी सगळी खाचरे लावून होत नाहीत. सावड बंद म्हणजे वर्षाच्या भाताला कात्री. हे देवळापुढे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते, बाला सगळ्यांत जास्त. तो उठला, धोतर झटकले आणि मला म्हणाला, "चल."

घरी आई एवढेच बोलली, "तोंडावर नाय म्हणलास?" बाने मान हलवली. "बरं केलंस," ती म्हणाली आणि चूल फुंकू लागली.

उन्हाळ्यात आम्ही तिघांनीच राब भाजला; म्हणजे रोपांच्या जागेवर पाला, शेण आणि गवत पसरून जाळले. रोग ओसरला. आमच्याकडे कोणाला ताप आला नाही, पण त्यावरून गावकी बदलली नाही. आता प्रश्न तापाचा राहिला नव्हता. बाने नाही म्हटले होते, हा होता.

आणि नेमकी आवणीच्या तोंडावर कॉलेज उघडल्याची बातमी आली.

"तू जा," बा म्हणाला.

"टर्म बुडेल इतकंच. कॉलेज काही पळून जात नाही."

"तुला शिकवायला आमी पोटाला चिमटा काढला, तो चिखल तुडवायला?"

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. ती टर्म माझ्या एकट्याची नव्हती, हे मला माहीत होते. शेवटी जे मनात होते ते तसेच म्हणालो. "बा, ती मी आणली. भाकरी मी टाकली. नाही तू म्हणालास. आता मी मुंबईला जाऊन पुस्तक उघडलं तर त्यात मला काय दिसेल?"

तो चिडला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने माझ्या अंगावर पावसाचे इरले टाकले आणि पुढे चालू लागला.

आम्ही तिघे लावत होतो. पाठ मोडत होती, आणि शेजारच्या खाचरात सगळे गाव गाणी म्हणत ओळीने वाकले होते. तिकडून एक वैनी ओरडली, "अगो, कुत्र्यांना लाव की आवणीला! चार चार पाय हायेत त्यांना!"

आई न थांबता ओरडली, "तुझ्या नवऱ्यापरीस सरळ लावतील!" तिकडची ओळ हसून विस्कटली. वैनीही हसली. पण बांध ओलांडून कोणी आले नाही.

शेवटची खाचरे राहिली तेव्हा रोपे पिवळी पडू लागली होती. पाटील बांधावर आले. पावसात, डोक्यावर घोंगडी घेऊन.

"एक नारळ ठेव देवळात," ते बाला म्हणाले. "म्हण चुकलं. कुत्री ठेव हवी तर. फक्त चुकलं म्हण. उद्या सगळं गाव इथं उतरंल."

कुत्रीही राहणार होती! मला वाटले, आता तरी. नारळच तर. पाठ सरळ करून बाने माझ्याकडे बघितले. या खेपेला तो बोलणार नव्हता. मला विचारत होता.

"पाटीलकाका," मी म्हणालो, "चुकलो असतो तर नारळ तेव्हाच ठेवला असता."

पाटलांनी माझ्याकडे बघितले, मग बाच्याकडे. "बापाचाच हायेस," ते म्हणाले आणि निघून गेले.

ती खाचरे पडीक राहिली. त्या वर्षी आम्ही वरईच जास्त खाल्ली, आणि मी टर्म पुढच्या वर्षी केली. गवत वाढलेल्या त्या जागेकडे बोट दाखवून लोक आमच्या मूर्खपणाची गोष्ट सांगत. सांगू देत. बा त्याच बांधावर बसून भाकरी खायचा, आणि कुत्र्यांना तुकडा टाकायचा तो सगळ्यांना दिसेल असा हात उंच करून टाकायचा.