आठल्ये सर आणि मेंढ्यांचे बाप

आठल्ये सर चिडले की आधी चष्मा काढून माझ्या हातात देत आणि मग मारत. माणूस असो, दार असो, नाहीतर वजनकाटा. मंगलागौरीच्या देवळाजवळ राहणारे हे काशीकर गृहस्थ रोज गंगेवरचा पूल ओलांडून पलीकडे रामनगरकडच्या आमच्या मेंढी संशोधन केंद्रावर येत. नव्वदनंतरची गोष्ट. मी त्यांचा साहाय्यक होतो.

त्यांना एकच ध्यास: अंगाने भारी आणि लोकरीने मऊ असं कोकरू. वजन आणि लोकर आईबापांकडून कोकरात किती उतरते, हे शोधायला ते सहा वर्षं राबत होते. म्हणून एका मेंढवाड्यात माद्यांबरोबर एकच मेंढा, आणि दोन वाड्यांमधल्या दाराला कडी. "बाप कोण ते कळलं पाहिजे, लेका!" ते ओरडत. "बापाशिवाय वजन म्हणजे निव्वळ मटण!"

एका संध्याकाळी घरी पळायच्या घाईत मी कडी लावलीच नाही. सकाळी पाहतो तर भारी अंगाचा मेंढा मऊ लोकरीवाल्याच्या वाड्यात, शिंगं रक्ताने माखलेली. मऊ लोकरीवाला कपाळ फुटून पडला होता, पाय झाडत होता. बघता बघता गेला. सहा वर्षांच्या निवडीतून आलेलं जनावर! आता गाभण राहतील त्या मेंढ्यांची कोकरं कुणाची, देव जाणे.

"कडी कोणी उघडी टाकली?" सर गरजले.

"रामधनीने," मी म्हणालो. रामधनी आमचा मेंढ्या राखणारा.

"हम नाहीं, साहेब!" तो म्हणेपर्यंत चष्मा माझ्या हातात आला. मेंढ्या हाकायची जाड छडी त्याच्या पाठीवर, खांद्यावर, डोकं झाकणाऱ्या बोटांवर सपासप पडू लागली. बोटं फुटली. आणि मी नालायक चष्मा धरून उभा! लाज वाटते सांगायला. शेवटी किंचाळलोच, "सर, मी! मी विसरलो!"

सर थांबले. धापा टाकत त्यांनी छडी रामधनीला दिली आणि आपला उजवा हात पुढे केला. "मार. बेकसूर को मारा मैंने. मार, कहता हूँ!"

रामधनीने जीव खाऊन हाणली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सर कळवळून खाली बसले. "अब इसको," त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

मी डोळे मिटून हात पुढे केला. रामधनीने छडी टाकली आणि मेलेल्या मेंढ्याचे पाय धरून त्याला ओढत नेलं.

महिन्याभरात प्लास्टरातल्या हातानिशी सर मला पुन्हा शिव्या देऊ लागले, शिकवूही लागले. रामधनी मात्र माझ्याशी पुन्हा कधीच बोलला नाही.